अकरा वाजून दहा

"एक वर्तुळ काढा, ॲम्ब्रोज. आत आकडे भरा.
आता काटे असे ठेवा, की अकरा वाजून दहा मिनिटं होतील."
पेन्सिल धरून तो खिडकीबाहेर बघतो.
बंदरातला बर्फ अजून सुटलेला नाही.
"कुणाचे अकरा?" तो विचारतो. "आमचे, का टोरांटोचे?"

न्यूफाउंडलंडचं घड्याळ उरलेल्या देशाशी
मुळातच अर्धा तास फटकून वागतं.
फॉर्मवर या उत्तराला गुण नाहीत.
मी समासात लिहिते: प्रश्न रास्त आहे.

मागे स्टुलावर नॅडीन, माझी या महिन्याची विद्यार्थिनी,
बेरीज करते. तीसपैकी सतरा.

सतरा.
या माणसानं मला एका जानेवारीत, वादळात,
अडलेल्या बाईकडे बोटीतून नेलं होतं.
कंदील विझलेला. तो खडकांची नावं घेत होता मोठ्यानं,
अंधारात निजलेल्या पोरांना ओलांडताना
आई घेते तशी, एकेकाचं.
उपाशी मांजर. आंधळा पाद्री. म्हातारीचा दात.
त्यांचे गुण कुठल्या रकान्यात धरू?

ड्रूसिला कोट न काढता बसली आहे.
त्याला विचारलेल्या प्रश्नाला तिचे ओठ आधी हलतात.
"झोप लागते?" मी तिला विचारते.
"लागते त्याला."
तिच्या अंगठीला आतून लोकर गुंडाळलेली, गळून पडू नये म्हणून.
टेबलावर फाइल त्याची होती.
मी तिची मागवली, तिला काट्यावर उभं केलं.
सप्टेंबरपासून सहा किलो.

विद्यापीठाचं पत्र आलं होतं: नव्या औषधाच्या अभ्यासाला माणसं हवीत.
वय ऐंशीच्या आत. मधुमेह नको, हृदयविकार नको,
ऐकू नीट यावं, शहर दोन तासांच्या आत असावं.
मी माझी सगळी यादी चाळली.
अटींत बसला फक्त बॉयलर दुरुस्त करायला येणारा गडी,
आणि तो ठणठणीत आहे.

मग मी माझीच वही घातली. एकोणीस घरं, एकच प्रश्न:
पहिल्यांदा काय खटकलं?
"सूप ढवळत होती, चूल पेटवलीच नव्हती."
"मासा साफ केला, आणि काटे ताटात वाढले."
"भांडायचा थांबला."
हे शेवटचं सात घरांतून आलं, जवळपास त्याच शब्दांत.
एकोणीस हा आकडा कुठल्या नियतकालिकाला पुरत नाही.
मी अजून विचारतेच आहे.

परतताना गाडीत नॅडीन म्हणाली,
"पण आज आपण केलं काय? औषध तर दिलंच नाही."
एक काढलं, मी म्हटलं. झोपेची गोळी,
दोन वर्षांपूर्वी इस्पितळानं चार दिवसांसाठी दिलेली.
ट्रक त्याचा भाऊ लेस्टर 'हिवाळ्यापुरता' मागून नेईल,
चावी हिसकावून घेतली असं व्हायला नको.
मंगळवारी दुपारी चर्चमधल्या बायका त्याच्याजवळ बसतील,
ड्रूसिला झोपेल.
"हे कुठं लिहिलंय?"
रस्त्याकडे बघ, मी म्हटलं, या वळणावर मूस आडवे येतात.

त्या रात्री मी खडक आठवत बसले. तीनांपुढे सरेना.

मे महिन्यात त्याला विचारलं. त्यानं डोळे मिटले,
हात सुकाणूवर ठेवल्यासारखा टेबलावर ठेवला.
उपाशी मांजर. आंधळा पाद्री. म्हातारीचा दात.
दोघे साडू. मग... मग...
भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

"थोरली सून," ड्रूसिला म्हणाली. "मग बिनदोरीची घंटा."
बोटीला तिनं जन्मात पाय लावलेला नाही. मळमळतं तिला.
"तुला गं कसं?" मी विचारलं.
"चाळीस वर्षं झोपेत बोलतोय," ती म्हणाली. "कान काय झाकून घेऊ?"

नॅडीननं हाताशी लागला तो कागद ओढला,
बिनकाट्यांच्या घड्याळाचा, आणि पाठीवर लिहू लागली.
"सावकाश," ती म्हणाली.
"थोरल्या सुनेला डावीकडे ठेवायचं, का उजवीकडे?"

दोघं एकदमच बोलली,
वेगवेगळं.